मुठेल, खोबरेल आणि लेप्टो

मृग लागला की आमच्या लॅबमध्ये दोन गोष्टी भराभर संपतात: विडालच्या (टायफॉईडच्या टेस्टच्या) बाटल्या आणि लेप्टोची, म्हणजे उंदरांच्या लघवीतून पसरणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस तापाची, टेस्ट कार्डं. कुडाळ-मालवणच्या मळ्यांत लावणी सुरू झाली, की शटर वर करायच्या आधीच पायरीवर कोणी ना कोणी बसलेलं असतं. अंगात ताप, पोटऱ्या ठणकतायत, डोळे लाल. सुई टोचायच्या आधीच प्रश्न येतो, “ताई, टायफॉईड गावतलो काय गो?” टायफॉईड म्हटलं की माणूस जरा निवांत असतो. तो ओळखीचा, काकाला झालेला, आतेला झालेला. लेप्टोचं नाव काढलं की सोबत आलेली बाई पदर तोंडाला लावते.

मी डॉक्टर नाही. बी.एस्सी.ला मायक्रोबायॉलॉजी होतं, पुढे डीएमएलटी (लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा) केलं आणि तेव्हापासून रक्त, लघवी आणि थुंकी यांच्यातच आहे. या ब्लॉगवर मी एरवी मासे, माडाचे भाव आणि एसटीबद्दल लिहिते. आज जंतूंच्या अंगावरच्या चरबीबद्दल लिहायचंय. विषय किळसवाणा वाटेल, पण दिवसभर मी जे रंग करते आणि ज्या टेस्ट लावते, त्यातल्या बऱ्याच कामांत माझा संबंध जंतूच्या आतड्या-काळजाशी येतच नाही. त्याच्या बाहेरच्या पडद्यातला स्निग्ध पदार्थ आणि त्यावर चिकटलेली साखर, एवढ्याशीच येतो. ताप येतो तोही बऱ्याचदा त्याच्यापायी.

ग्रामचा रंग घ्या. डेन्मार्कच्या हान्स क्रिश्चन ग्रामने १८८४ मध्ये बर्लिनमध्ये काम करताना ही पद्धत प्रसिद्ध केली आणि आजही आम्ही जवळपास तशीच वापरतो. स्लाइडवर आधी जांभळा क्रिस्टल व्हायोलेट, मग आयोडिन, मग अल्कोहोल, शेवटी गुलाबी सफ्रॅनिन. सगळा खेळ अल्कोहोलच्या त्या काही सेकंदांत आहे. काही जंतूंची भिंत जाड असते, ती जांभळा रंग सोडत नाही. काहींची भिंत पातळ, पण तिच्याबाहेर एक जादा स्निग्ध पडदा. अल्कोहोल तो पडदा विरघळवतं, पातळ भिंतीतून जांभळा रंग धुऊन जातो आणि जंतू शेवटच्या रंगात गुलाबी दिसतो. तो ग्राम निगेटिव्ह. टायफॉईड, कॉलरा, प्लेग, लघवीच्या इन्फेक्शनमधला ई. कोलाय, सगळी मंडळी या गुलाबी गटातली. ग्रामला बिचाऱ्याला या पडद्याची काहीच कल्पना नव्हती; इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप यायला अजून कितीतरी वर्षं होती.

हा बाहेरचा पडदा दोन थरांचा असतो आणि दोन्ही थर सारखे नसतात. आतला थर साध्या फॉस्फोलिपिडचा, तुमच्या-माझ्या पेशींना असतो त्याच जातीचा. बाहेरचा थर मात्र जवळजवळ सगळा लायपोपॉलिसॅकराइडचा. नाव लांबलचक आहे म्हणून सगळे एलपीएस म्हणतात. त्याचे तीन भाग. पडद्यात रुतलेला स्निग्ध भाग म्हणजे लिपिड ए. त्याच्यावर मधला साखरेचा तुकडा. आणि अगदी बाहेर, पाण्यात लोंबणारी साखरेची लांब माळ, तिला ओ अँटिजेन म्हणतात. एकेका जंतूच्या अंगावर असे लाखो रेणू असतात.

लिपिड ए जरा नीट बघू, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे. ई. कोलायचा नमुना घेतला, तर दोन ग्लुकोसामिन साखरा एकमेकींना जोडलेल्या, दोन्ही टोकांना एकेक फॉस्फेट, आणि साखरांना टांगलेल्या फॅटी ॲसिडच्या सहा साखळ्या. चार साखळ्या थेट साखरेला लागलेल्या, प्रत्येकीत १४ कार्बन. उरलेल्या दोन त्यांतल्या दोघींच्या पाठीवर बसलेल्या: एक १२ कार्बनची लॉरिक, दुसरी १४ कार्बनची मिरिस्टिक.

लॉरिक आणि मिरिस्टिक! पुस्तकात हे वाचलं तेव्हा मला हसू आलं. आमच्या खोबरेल तेलात जवळजवळ निम्मं लॉरिक ॲसिड असतं आणि त्याच्या खालोखाल मिरिस्टिक. ज्या आम्लांवर या किनाऱ्यावरच्या डोक्यांचं पिढ्यान् पिढ्या पोषण झालं, तीच या जंतूच्या लिपिड ए मध्ये, म्हणजे त्याच्या विषातही आहेत. आता लगेच ‘खोबरेल खाल्लं की ताप येतो’ असं कोणी व्हॉट्सॲपवर फिरवू नका. ॲसिड तेच असलं तरी ते कोणत्या साखरेवर, किती, आणि कसं टांगलंय त्यावर विष ठरतं. खोबरेलात ते ग्लिसरॉलला लागलेलं असतं आणि आपल्या पोटाला ते उत्तम पचतं.

या साखळ्या सगळ्या संपृक्त, म्हणजे सरळ, कुठे वाक नाही. सरळ साखळ्या एकमेकींना चिकटून दाटीने बसतात. माझ्या सासूबाई कोकमाच्या बियांचं मुठेल काढायच्या. ते भर वैशाखातही घट्ट गोळाच राहतं, कारण त्यात स्टिअरिकसारखं सरळ साखळीचं ॲसिड भरपूर असतं. जंतूचा बाहेरचा थर असाच मुठेलासारखा घट्ट. वर फॉस्फेटच्या ऋण भारांना कॅल्शियम आणि मॅग्नेशियम एकमेकांशी बांधून ठेवतात. त्यामुळे साबणासारखे पदार्थ, पित्त आणि बरीच अँटिबायोटिक्स बाहेरच अडतात. मॅकॉन्की नावाचं जे गुलाबीसर माध्यम लॅबमध्ये वापरतात, त्यात पित्ताचे क्षार मुद्दाम घातलेले असतात. बाकीचे जंतू त्यात मरतात किंवा वाढत नाहीत, हे पडदेवाले वाढतात. टायफॉईडचा जंतू माणसाच्या पित्ताशयात मुक्काम ठोकू शकतो, तोही या पडद्याच्या जोरावर.

आता विडाल. फर्नांड विडालने १८९६ मध्ये पॅरिसमध्ये दाखवलं, की टायफॉईडच्या रुग्णाचा सीरम, म्हणजे रक्तातला पातळ भाग, जंतूंवर टाकला की जंतू गुठळ्या करून एकमेकांना चिकटतात. आमच्याकडे मेलेल्या, रंगवलेल्या जंतूंच्या बाटल्या येतात. ‘टीएच’च्या लाल बाटलीतून जंतूच्या शेपटीविरुद्धच्या अँटिबॉडी (शरीराने जंतूविरुद्ध बनवलेली प्रथिनं) कळतात. ‘टीओ’ निळी बाटली, आणि तिच्यात आपण शोधतो ती मघाच्या साखरेच्या माळेविरुद्धची अँटिबॉडी. म्हणजे टायफॉईडची अख्खी ‘ओ’ टेस्ट एलपीएसच्या टोकावर उभी आहे. टायफॉईडच्या माळेत टायव्हेलोज नावाची साखर असते, पॅराटायफॉईड ए मध्ये तिच्या जागी पॅराटोज. दोन्हींत अणू तेवढेच, तेच. फक्त एका कार्बनवरचा हायड्रॉक्सिल गट इकडचा तिकडे वळलेला. कॉलऱ्यात तर याहून बारीक: ओगावा आणि इनाबा या दोन प्रकारांत माळेच्या शेवटच्या साखरेवर एक मिथाइल गट आहे की नाही, एवढाच फरक. शरीर तोही ओळखतं.

पण त्याच माळेचा काही भाग टायफॉईड, पॅराटायफॉईड आणि त्यांच्या इतर भावकीत सामाईक असतो. ‘ओ १२’ म्हणतात तो. त्यामुळे भावकीतलाच कोणी दुसरा जंतू होऊन गेला असेल, जुना टायफॉईड असेल, लस घेतली असेल, तरी निळी बाटली गुठळ्या दाखवते. ताप येऊन जेमतेम दीड दिवस झालाय आणि हातात विडालची चिठ्ठी, असे लोक मला दर आठवड्याला भेटतात. अँटिबॉडी वाढायलाच आठवडाभर लागतो. मग एकदाच केलेल्या स्लाइडवर १:८० दिसलं, की माणूस टायफॉईडचा शिक्का घेऊन घरी जातो आणि खरं काय होतं ते राहतंच. पहिल्या आठवड्यात ब्लड कल्चर, म्हणजे रक्तातला जंतू वाढवून बघणं, हीच खरी तपासणी. हे मी काउंटरवर बोलू शकत नाही, म्हणून इथे लिहितेय.

आता ताप. कॉख यांच्या बर्लिनच्या संस्थेत रिचर्ड फायफर कॉलऱ्याच्या जंतूंवर काम करत होते. १८९२ च्या सुमारास त्यांच्या लक्षात आलं, की उष्णतेने मारलेले जंतू टोचले तरी गिनीपिग मरतात. म्हणजे विष जिवंत जंतू बाहेर सोडत नाही, ते त्याच्या अंगातच आहे. त्याला एंडोटॉक्सिन नाव पडलं. ते नेमकं एलपीएसच्या कोणत्या भागात आहे हा वाद पुढे बराच चालला. तो मिटवला जपानमध्ये ओसाकाच्या रसायनशास्त्रज्ञांनी: १९८५ मध्ये त्यांनी ई. कोलायचा लिपिड ए जंतूशिवाय, काचेच्या भांड्यात बनवला. तो टोचल्यावर एंडोटॉक्सिनचे सगळे परिणाम दिसले. साखरेची माळ नाही, प्रथिन नाही, नुसता लिपिड ए.

किती पुरतो? स्वयंसेवकांवरच्या अभ्यासांत वजनाच्या किलोमागे दोन-चार नॅनोग्रॅम एंडोटॉक्सिन शिरेतून दिलं, की काही तासांत थंडी वाजून ताप भरतो. नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग. सलाईनच्या बाटल्या याच्यासाठीच तपासून बाजारात येतात, आणि ती तपासणी कित्येक वर्षं नालखेकड्याच्या रक्तावर चालली आहे. एंडोटॉक्सिन लागलं की ते रक्त साकळतं. हा प्राणी आपल्या किनाऱ्यावर नाही, तिकडे ओडिशात बालासोरला असतो. त्यामुळे रापणीत सापडला का म्हणून मला फोटो पाठवू नयेत.

शरीराला ही चरबी कळते कशी, ते समजायला १९९८ उजाडलं. सी३एच/एचईजे नावाच्या जातीचे उंदीर एलपीएसला दादच देत नाहीत, हे माहीत होतं. त्यांच्यात बिघडलेलं जनुक टीएलआर-४ या, पेशीवर बसून एलपीएस ओळखणाऱ्या प्रथिनाचं आहे, हे ब्रूस ब्यूटलर यांच्या गटाने शोधलं. २०११ च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा त्यासाठी. पुढे २००९ मध्ये चित्र आणखी स्पष्ट झालं. टीएलआर-४ च्या जोडीला एमडी-२ नावाचं छोटं प्रथिन असतं, त्याच्यात एक खोलगट खिसा. सहा साखळ्यांपैकी पाच त्या खिशात शिरतात. सहावी मावत नाही, ती काठावर बाहेर राहते, आणि तिला धरूनच शेजारचं दुसरं टीएलआर-४ येऊन चिकटतं. दोन जोडले गेले की पेशीत बोंब उठते: ताप, सूज, आणि प्रमाणाबाहेर गेलं तर रक्तदाब कोसळणं. चारच साखळ्या असल्या तर त्या सगळ्या आत मावतात आणि काहीच होत नाही.

आणि प्लेगचा जंतू नेमकं हेच करतो. पिसवेच्या थंड पोटात त्याच्या लिपिड ए ला सहा साखळ्या असतात. माणसाच्या ३७ अंशांच्या अंगात शिरला की नवा लिपिड ए चारच साखळ्यांचा तयार होतो. १८९६ ला मुंबईत प्लेग आला तेव्हा गिरण्यांतली कोकणी माणसं बोटींनी गावाकडे पळाली. हाफकिन यांनी जानेवारी १८९७ मध्ये आपली लस आधी स्वतःला टोचून घेतली. सिमाँ यांनी १८९८ मध्ये प्लेग पसरवणारी पिसू पकडली. तेव्हा कोणाला ठाऊक असणार, की हा जंतू अंगावरचे कपडे बदलून आत शिरतो? २००६ मध्ये प्रयोगशाळेत प्लेगच्या जंतूला ई. कोलायचं एक जनुक देऊन ३७ अंशांनाही सहा साखळ्या ठेवायला लावलं. उंदरांनी त्याला ताबडतोब ओळखलं आणि ते जगले.

थोडं कोलिस्टिनबद्दल, कारण आमच्या खाडीकाठी कोळंबीची तळी आहेत. कोलिस्टिन हे शेवटच्या फळीतलं औषध. ते लिपिड ए च्या फॉस्फेटवर जाऊन बसतं, कॅल्शियम-मॅग्नेशियमला हुसकावतं आणि पडदा फाडतं. जंतूचा तोडगा साधा: फॉस्फेटवर एक धनभारित शेपूट चिकटवायची, की औषधाला धरायला जागाच उरत नाही. हे काम करणारं एमसीआर-१ जनुक २०१५ मध्ये चीनमधून नोंदवलं गेलं, आणि ते एका जंतूकडून दुसऱ्याकडे सहज जातं. प्राण्यांना वाढीसाठी कोलिस्टिन चारण्यामुळे ते फोफावलं असं मानतात. भारत सरकारने जुलै २०१९ मध्ये कोंबड्या, गुरं, मत्स्यशेती आणि पशुखाद्य, सगळ्यांसाठी त्यावर बंदी घातली. तळीवाल्या भाच्याला मी विचारलं तर म्हणतो, “मावशे, आमी तसला कायच घालनव नाय.” बरं. पिशवीवरचं लेबल वाचत जा, एवढंच त्याला सांगितलं.

आता ज्याच्यासाठी एवढं लिहिलं तो लेप्टोस्पायरा. हाही दोन पडद्यांचा, हाही एलपीएसवाला, पण सगळ्या बाबतींत आडमुठा. मळसूत्रासारखा पिळदार आणि इतका बारीक, ०.१ मायक्रॉन जाडीचा, की ग्रामच्या रंगात धड दिसत नाही. डार्क ग्राउंड मायक्रोस्कोप लागतो. त्याच्या शेपट्याही बाहेर नसतात, दोन पडद्यांच्या मधल्या जागेत गुंडाळलेल्या असतात. उंदीर, घुशी, गुरं यांच्या मूत्रपिंडात राहतो, लघवीतून मळ्याच्या पाण्यात येतो. चिखलणीत पायाला कुठे ना कुठे कापलेलं असतंच. तेवढी वाट त्याला पुरते.

त्याचा लिपिड ए २००४ मध्ये उलगडला गेला तेव्हा तो चक्रावून टाकणारा निघाला. साखळ्या सहाच. पण त्या ज्या साखरांना लागलेल्या असतात त्याच निराळ्या, जादा अमिनो गट असलेल्या. त्यामुळे साखरेला थेट लागलेल्या साखळ्या सगळ्या अमाइड बंधाने बांधलेल्या, जो ई. कोलायमधल्या एस्टर बंधाहून टणक. एका टोकाचं फॉस्फेट गायब. दुसऱ्या टोकाला फॉस्फेट आहे, पण त्याच्यावर मिथाइल गटाची टोपी. याचा परिणाम असा, की माणसाचं टीएलआर-४ या लिपिड ए ला ओळखतच नाही. उंदराचं मात्र ओळखतं! ज्या उंदरांचं टीएलआर-४ बिघडलंय, ते वर आलेले सी३एच/एचईजे, त्यांना मात्र लेप्टो जड जातो. माणसाच्या पेशींना लेप्टोच्या पडद्याची खबर लागते ती टीएलआर-२ मार्फत, जे मुख्यतः लायपोप्रोटीन (चरबी जोडलेली प्रथिनं) ओळखतं. हे २००१ मध्ये दिसलं होतं, लिपिड ए ची रचना कळायच्या तीन वर्षं आधी.

म्हणून संशोधकांचा कयास असा, की आपलं शरीर सुरुवातीला या जंतूच्या बाबतीत अर्धं बहिरं असतं. ताप येतोच, पण जो पहिला बंदोबस्त टायफॉईडच्या भावकीसाठी उभा राहतो तो तसा उभा राहत नाही, आणि तेवढ्यात लेप्टो रक्तातून यकृत, मूत्रपिंड, फुप्फुसांपर्यंत पोचतो. शेवटी त्याला आवरतात त्या अँटिबॉडी. आणि त्या कशाविरुद्ध? पुन्हा एलपीएसच्याच साखरेविरुद्ध. तिथेही अडचण आहे. या साखरेच्या माळेत इतके प्रकार आहेत, की लेप्टोचे अडीचशेहून जास्त सेरोव्हार, म्हणजे उपप्रकार, मोजले गेलेत. एकाविरुद्धची अँटिबॉडी दुसऱ्याला क्वचितच पुरते. गेल्या वर्षी लेप्टो झाला म्हणजे यंदा सुटका, असं धरून चालणारे आमच्याकडे पुष्कळ आहेत. दुसऱ्या सेरोव्हारला त्याचं काहीच देणंघेणं नसतं. सरसकट सगळ्यांवर चालेल अशी लस न निघण्याचंही हेच कारण.

डॉक्सीसायक्लिनला या साखरेशी आणि चरबीशी काही कर्तव्य नाही. ते आत जाऊन जंतूचं प्रथिनं बनवायचं यंत्र, रायबोसोम, अडवतं, म्हणून ते सगळ्या सेरोव्हारवर चालतं आणि आशाताई लावणीच्या दिवसांत त्याच गोळ्या घेऊन फिरतात. त्या गोळ्या जेवणानंतर, भरपूर पाण्याबरोबर घ्या आणि घेतल्याबरोबर आडवे होऊ नका. घशाखाली जळजळ होते म्हणून अर्धी वाडी गोळ्या खिडकीत ठेवून देते.

कार्डाबद्दल एक. आमचं लेप्टोचं कार्ड आयजीएम, म्हणजे आजारात आधी तयार होणारी, अँटिबॉडी शोधतं. ती साधारण पाचव्या ते सातव्या दिवसापासून सापडायला लागते. तिसऱ्या दिवशी कार्ड निगेटिव्ह आलं याचा अर्थ लेप्टो नाही असा होत नाही, आणि म्हणूनच चांगले डॉक्टर कार्डाची वाट न बघता, पोटऱ्या आणि डोळे बघून औषध सुरू करतात. पहिलं रक्त लवकर दिलं असेल तर दहा-बारा दिवसांनी दुसरं द्यायला या. तोवर ताप उतरलेला असतो, मळ्यात काम पडलेलं असतं, रिक्षाला पैसे जातात, सगळं कळतं मला. तरी या. दोन्ही नमुने मोठ्या लॅबमध्ये जिवंत लेप्टोंबरोबर ठेवून बघतात, आणि दुसऱ्यात अँटिबॉडी चौपट झालेली दिसली तर निदान पक्कं होतं. साधारण कोणत्या गटाचा लेप्टो तुमच्या मळ्यात फिरतोय त्याचाही अंदाज त्यातूनच येतो. एका नमुन्यावरून तेवढं सांगता येत नाही.